‘कलम’ हा हस्ताक्षरी फाँट कुठे आणि कसा वापरावा

इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा फाँट बॉलपेनने किंवा स्केचपेनने भरभर लिहिलेल्या अक्षरासारखा दिसतो. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी त्यातील देवनागरी आणि रोमन अक्षरे एकाच हातची वाटावीत अशी घडवली आहेत, त्यामुळे मराठी मजकुरात मध्येच रोमन लिपीतले नाव आले तरी ओळ विजोड दिसत नाही. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाडींत तो विनामूल्य मिळतो.

या फाँटचे काने मुळातच उजवीकडे झुकलेले आहेत, ही गोष्ट वापरताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. व्हेनिसचे मुद्रक आल्दुस मानुतिउस यांनी १५०१ साली लॅटिन कवी व्हर्जिल याचे काव्य इटॅलिक, म्हणजे तिरप्या, अक्षरांत छापले. पुढे रोमन लिपीत सरळ अक्षरांमध्ये जोर देण्यासाठी तिरपे अक्षर योजण्याची रीत पडली. देवनागरीत ती तितकी मुरलेली नाही, आणि ‘कलम’मध्ये तर वेगळी इटॅलिक आवृत्तीच नाही. तरीही इटॅलिकचे बटण दाबले, तर संगणक झुकलेली अक्षरे ओढून आणखी झुकवतो आणि त्यांचा डौल पार जातो. म्हणून जोर द्यायचा असेल तेथे बोल्ड वापरावा, आणि वेबपानाच्या सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये) फाँट-सिंथेसिस, म्हणजे ब्राउझरने अशी कृत्रिम तिरपी अक्षरे तयार करण्याची सोय, बंद ठेवावे.

जेथे एखाद्याने स्वतः पेन उचलून दोन ओळी लिहिल्या असत्या, तेथे हा फाँट शोभतो: घरगुती समारंभाचे निमंत्रण, लोणच्याच्या बरणीवरचे लेबल, पाककृतीच्या कडेची सूचना, चित्रकथेतील संवाद. अर्ज, करारनामा किंवा औषधाच्या मात्रेची माहिती यांसाठी तो वापरू नये. लांबलचक मजकुरातही तिरपेपणा डोळ्यांना शिणवतो, म्हणून मुख्य मजकूर ‘मुक्त’सारख्या सरळ फाँटमध्ये ठेवून शीर्षक किंवा टिपण तेवढे ‘कलम’मध्ये द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. बालवाडीच्या गिरवण्याच्या पानांवरही तो नको, कारण अक्षर नुकतेच शिकणाऱ्या मुलासमोर आधी सरळ, पूर्ण वळण असायला हवे.

अक्षरांमधले अंतर वाढवू नये. शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. ओळींमधले अंतर मात्र सढळ ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडणार नाहीत. मजकूर लावल्यावर ‘ल’, ‘श’, ‘ळ’ आणि ‘दऱ्या’तला ‘ऱ्य’ आपल्या सवयीच्या वळणाचे आले आहेत का, हे मोठ्या आकारात तपासावे.

‘कलम’ हा युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर चालणाऱ्या समान अक्षर-संकेतांचा, फाँट असल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर त्यात थेट उमटत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरे पुन्हा वाचून घ्यावीत. छापखान्याला फाइल देताना अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे त्यांचे रेखाकृतींत रूपांतर करावे, किंवा पीडीएफमध्ये फाँट अंतर्भूत करावा, आणि दुरुस्तीसाठी मूळ फाइल स्वतःजवळ ठेवावी, कारण कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टंकून बदलता येत नाही.