वक्त्याची चूक दाखवायची की गप्प बसायचं?

‘चूक दिसली की तिथेच बोलावं’ असं सांगणाऱ्यांचं स्वतःचं तोंड कधी पोळलेलं नसतं. ‘जाऊ द्या, आपल्याला काय’ म्हणणाऱ्यांचाही मला तितकाच कंटाळा आहे. गावोगावच्या व्याख्यानमालांत बोलणारे, मोबाइलवर रोज इतिहास नि शेती सांगणारे, अशा बऱ्याच जणांना मी दुरुस्त केलंय आणि त्याहून जास्त जणांना सोडून दिलंय.

आधी वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. ‘असं काहीतरी म्हणाले’ यावर हरकत घेता येत नाही.

पुढची पायरी अवघड: ही चूक आहे की वाद? इथे मी सपशेल आपटलोय. चाळीसगावला एका व्याख्यात्यांनी बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांना ‘आपल्या पाटणचे’, म्हणजे चाळीसगावजवळच्या पाटणचे, म्हटलं. मी उठलो आणि भर सभेत ठणकावलं, ‘चूक! ते विजापूरचे.’ ते शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, पाटणचा शिलालेख वाचलाय का?’ वाचला नव्हता. नंतर वाचला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, असं त्यात आहे. खुद्द भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं ‘विज्जडवीड’ सांगतात, आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही. व्याख्याते चुकले नव्हते, त्यांनी एक बाजू घेतली होती. मीही घेतली होती. फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

आता त्याच भास्कराचार्यांचा जन्म कुणी 1150 चा सांगितला, तर ती निखळ चूक. शके 1036, म्हणजे इसवी सन 1114, हे जन्मवर्ष त्यांनीच श्लोकात दिलंय. 1150 हे त्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ ग्रंथाचं साल. एकाच माणसाचं गाव वादाचं आणि साल बिनवादाचं! म्हणून ‘चूक’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी मी समोरच्याच्या बाजूचा पुरावा शोधतो, माझ्या बाजूचा नाही. आपल्या बाजूचं दहा ठिकाणी सापडतं, पण बहुतेकांनी ते एकमेकांचंच उतरवलेलं असतं. मामला वादाचा निघाला तर ‘दुसरंही एक मत आहे’ एवढं म्हणा आणि खाली बसा.

चूक पक्की ठरली की नुकसान बघा. हे सोपं आहे. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात हरण्या रोग आला असताना कुणी बुरशीनाशक फवारायला सांगत असेल, तर त्याच दिवशी, सगळ्यांच्या देखत बोला. हरण्या विषाणूचा, बुरशीनाशकाने तो हलत नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं आणि विषाणू पसरवणारा मावा आवरायचा. इथे वक्त्याचा मान राखत बसलात तर पुढे शेजारच्याच्या बागेतही पिवळे पट्टे दिसतील.

पैसा, पीक, औषध यांतलं काहीच पणाला नसेल तर एकट्याला गाठा किंवा निरोप धाडा. दोन ओळी: तुम्ही हे म्हणालात, पुरावा हा. ‘एवढंही माहीत नाही का’ हे वाक्य लिहून झालं असेल तर खोडा. उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करून द्या, तिसऱ्यांदा नको.

काही चुका मी मुद्दाम सोडतो. अमळनेरचे एक आप्पा साने गुरुजींचा जन्मच अमळनेरचा सांगतात. जन्म कोकणातल्या पालगडचा, 1899 चा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 ते 1930 शिकवत होते. पण आप्पांचं सगळं बोलणं वसतिगृहातल्या गुरुजींबद्दल असतं, आणि जन्मगाव काढून टाकलं तरी त्यातलं काही ढळत नाही. शाळेच्या पोरांसमोर म्हणाले तर मात्र मी त्यांना चहाच्या वेळी बाजूला घेतो.