बेळगाव की कोल्हापूर? निपाणीत उतरून ठरवा

दोन्ही शहरांत साधारण ११० किलोमीटरचं अंतर, निपाणी वाटेत. मुक्काम तिथं टाकून एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं करा. पण दोन्ही दिवस एकाच हंगामातले हवेत. जुलैतलं हिरवंगार बेळगाव आणि एप्रिलमधलं तापलेलं कोल्हापूर, ही तुलनाच नव्हे.

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन पहाटे उरका. शुक्रवारी आणि नवरात्रात रांगेतच दिवस जातो. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबरला गेलात तर किरणोत्सवासाठी संध्याकाळ राखा; तेव्हा मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात. ढग आले की किरणं पोचत नाहीत, तेव्हा एकाच दिवसाच्या भरवशावर राहू नका. जेवताना पांढरा रस्सा आधी, गरम असतानाच प्या. तांबड्या रश्श्यानं जीभ पोळली की पांढऱ्यातल्या नारळाच्या दुधाची गोडी लागत नाही.

बेळगावात किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघा. आत मान वर करा: छतातून दगडी कमळ खाली लोंबतंय. मग कुंदा, इथली दुधाची मिठाई. आधी चमचाभर चाखा. तपकिरी, रवाळ आणि तूप सुटलेला असला तरच पाव किलो घ्या. मांडे मात्र हातातच न्या, बॅगेत चुरा होतो.

सीमाप्रश्न तापला की एसटी हद्दीवरच थांबते. निघण्याआधी स्टँडवर चौकशी करा.

कौल? देवदर्शन आणि मटण हवं तर कोल्हापूर. निवांत फिरायचं तर बेळगावच.