नव्या मशीनवर विम लावायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

ऑफिसात नवा विंडोजचा लॅपटॉप मिळाला, घरी मॅक आहेच, आणि खरं काम चालतं ते उबुंटूच्या सर्व्हरवर, त्यामुळे तिन्हीकडे विम या टेक्स्ट एडिटरची एकच विमआरसी, म्हणजे सेटिंगची फाइल, चालली पाहिजे म्हणून पुन्हा सगळी जुळवाजुळव केली आणि या वेळी करता करता लिहून ठेवलं, कारण दर वेळी मी त्याच दगडाला ठेचकाळतो.

पहिलं म्हणजे सेटिंगला हात लावायचा नाही. नुसता विम उघडायचा आणि कोलन व्हर्जन (:version) मारायचं. भलंमोठं काहीतरी येतं, त्यात दोनच गोष्टी बघायच्या, हा विम विमआरसी कुठे शोधतोय आणि क्लिपबोर्ड या शब्दाच्या आधी अधिकचं चिन्ह आहे की वजाचं (अधिक असेल तर बाहेरच्या ॲपशी कॉपी-पेस्ट चालतं). लिनक्स आणि मॅकवर होम फोल्डरात डॉट विमआरसी, विंडोजवर सहसा अंडरस्कोर विमआरसी, आणि प्लगिनचं (वरून जोडायच्या सोयींचं) फोल्डर तिकडे डॉट विम तर इकडे विमफाइल्स. निओविम, म्हणजे विमचंच नवं भावंड, वापरत असाल तर त्याच्या जागा आणखी वेगळ्या. मी एकदा तासभर सेटिंग बदलत बसलो होतो आणि काही म्हणजे काही फरक पडेना, शेवटी कळलं की फाइल सेव्ह करताना नावाच्या शेवटी टीएक्सटी चिकटलंय आणि विंडोजमध्ये एक्स्टेंशन लपवलेलं असल्यामुळे ते दिसतच नव्हतं. तेव्हापासून कोलन स्क्रिप्टनेम्स मारून आपली फाइल खरंच वाचली जातेय का ते आधी बघतो.

उबुंटूवर सुरुवातीला बऱ्याचदा जो विम असतो तो विम टायनी, नावाप्रमाणेच तोकडा. रंग नाहीत, बऱ्याच कमांड नाहीत. पूर्ण पॅकेज टाकून घ्या, आणि डेस्कटॉप असेल, कॉपी-पेस्ट बाहेरच्या ॲपशी हवं असेल, तर जीटीके३ वालं पॅकेज घ्या. सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलमधून, जाणार असाल तर त्याचा उपयोग नाही, सोडून द्या.

आता एक गंमत. विम ८ पासून, म्हणजे २०१६ पासून, तुमची स्वतःची विमआरसी नसेल तर विम आपल्या पदरचे बरे डिफॉल्ट लावतो, रंग वगैरे. तुम्ही रिकामी का होईना फाइल बनवलीत की ते डिफॉल्ट गायब, आणि माणूस म्हणतो आत्तापर्यंत तर चांगलं चालत होतं. म्हणून फाइलच्या पहिल्या ओळीत डिफॉल्ट्स डॉट विम ही विमचीच फाइल सोर्स करायची, म्हणजे वाचायला लावायची, मग खाली आपलं काय ते.

मग ओळींचे शेवट. विंडोजवर सेव्ह केलेली फाइल लिनक्सवर नेली आणि उघडताच ई४९२ एररची रांग लागली, प्रत्येकीच्या शेवटी ^एम, तर समजायचं की ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा कॅरेज रिटर्न आलंय. कोलन सेट फाइलफॉरमॅट बरोबर युनिक्स करून सेव्ह करा. फाइल गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, ठेवत असाल (ठेवाच) तर त्याच्या गिटॲट्रिब्यूट्स फाइलीत एलएफ (युनिक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करून टाका, नाहीतर विंडोजवरचा गिट चेकआउट करताना, म्हणजे फाइली बाहेर काढताना, परत तेच करून ठेवू शकतो.

सिस्टीमप्रमाणे वेगळं वागायचं असेल तर कोणती सिस्टीम आहे ते सांगणारं हॅज फंक्शन आहे, पण मॅकवर युनिक्ससुद्धा खरं येतं, म्हणून आधी मॅक तपासायचं, मग युनिक्स. माझ्याकडे अशा जेमतेम चार ओळी आहेत, त्यातली एक क्लिपबोर्डची, विममध्ये कॉपी केलेलं सिस्टीमच्या क्लिपबोर्डवर जावं म्हणून, लिनक्सवर अननेम्डप्लस आणि बाकी दोन्हीकडे अननेम्ड. अनडू फाइल (विम बंद केल्यावरही अनडू टिकवणारी) चालू करणार असाल तर तिचं फोल्डर आधी बनवा, विम ते आपणहून बनवत नाही.

बटणं. लिनक्सवर सवयीने कंट्रोल एस दाबलं आणि स्क्रीन मेल्यासारखी गोठली तर घाबरून खिडकी बंद करू नका, कंट्रोल क्यू दाबा, सुटेल. टर्मिनलची ही जुनी सवय आहे, शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगच्या फाइलमध्ये एसटीटीवाय वजा आयएक्सऑन टाकलं की जाते. विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल व्ही म्हणजे पेस्ट, त्यामुळे व्हिज्युअल ब्लॉक (उभा चौकोनी तुकडा निवडणं) मिळत नाही, तिथेही कंट्रोल क्यू चालतं. एस्केपला हात पुरत नसेल तर कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस, तिन्हीकडे सारखंच.

आणि आपलं खास दुखणं, मराठी. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू ठेवून एस्केप दाबलं की एच जे के एल या कर्सर हलवायच्या बटणांच्या जागी प र क त जातं आणि कर्सर ढिम्म. दर वेळी कीबोर्ड बदलत बसण्यापेक्षा लँगमॅप या सेटिंगमध्ये प म्हणजे एच, र म्हणजे जे अशा जोड्या देऊन टाका, नॉर्मल मोडपुरतं (कमांड देतानापुरतं) काम भागतं. जोडाक्षरं मात्र टर्मिनल जशी दाखवेल तशी, कुठे नीट, कुठे हलंत सुटं पडलेलं, कुठे कर्सर एक घर पुढे. विमआरसीत कितीही खटपट केली तरी ते सुधारत नाही, मी केलीय. टर्मिनल बदलून बघा, नाहीतर फॉन्ट. अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, यूटीएफ-८ आहे ना तेवढं विंडोजवर बघून घ्या. मग तीन ओळींची एक मराठी फाइल तिन्ही मशीनवर उघडायची, त्यात ‘क्षत्रिय’ आणि ‘कुऱ्हाड’ असे शब्द ठेवायचे, एक ओळ उचलून ब्राउझरमध्ये पेस्ट करायची. तिथे चौकोन आले नाहीत तर लॅपटॉप कामाला घ्या.