बिल्डिंग मटेरियलचा धंदा करायचाय? मग रेटच्या आधी अनलोडिंग शिका

आमचं दुकान कराडजवळ, हायवेपासून थोडं आत. सिमेंट, स्टील, क्रश सँड (क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू), खडी, वीट आणि सेंट्रिंगचं किरकोळ साहित्य. हल्ली गावाकडची पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, दादा एका गोणीमागं सुटतात किती? गोणीमागं गाडीभाडं आणि हमाली वजा केली की चहापाण्याचे सुटतात, बास. सिमेंट ठेवायचं ते गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून. कमाई असते सँड-खडीत आणि त्या बारक्या मालात ज्याचा रेट कोणी चार दुकानं फिरून विचारत नाही, म्हणजे बायंडिंग वायर, खिळे, कव्हर ब्लॉक (सळीखाली ठेवायचे ठोकळे), वॉटरप्रूफिंगचे डबे. पण ही कमाई हातात राहील का नाही ते दुकानात ठरत नाही. गाडी साईटवर लागते आणि माल उतरतो, त्या अर्ध्या तासात ठरतं. माल कमी भरला ते तिथंच कळतं, चलनावर, म्हणजे माल पोचल्याच्या चिठ्ठीवर, सही तिथंच मिळते किंवा राहून जाते, आणि माणूस जखमी होतो तोही बहुतेक वेळा तिथंच. नवीन पोरं नेमकी त्याच वेळी दुकानात फोनवर असतात.

आधी मापाचं सांगतो. सँड ब्रासवर येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडी आली की पहिला टेप काढायचा, बॉडीची आतली लांबी गुणिले रुंदी गुणिले मालाची उंची, सगळं फुटात, भागिले १००. १४ फूट लांब, साडेसात रुंद आणि माल ४ फूट असेल तर ४.२ ब्रास झाला. ड्रायव्हर म्हणणार साडेचार आहे दादा, रोजचीच गाडी आहे. असू दे, आपण उंची चारी कोपऱ्यात आणि मधे सळी खुपसून बघायची, कारण मधे ढीग आणि कडेला खड्डा असा माल भरायची कला लोडरवाल्यांना जन्मजात असते. ओल्या सँडचं अजून वेगळं, थोडी ओल धरलेली बारीक सँड फुगते, कधीकधी २५-३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुम्ही ब्रासचे पैसे दिले आणि आत हवा घेतली. म्हणून मी क्रशरकडून शक्यतो टनावर घेतो, भरलेला काटा आणि रिकामा काटा, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, दोन्ही चिठ्ठ्या बघून. रिकामा काटा जुनाच दाखवला तर घ्यायचा नाही, ताजा करायला लावायचा.

स्टीलचं गणित सोपंय, सळीच्या जाडीचा एमएममधे वर्ग करून १६२ नं भागलं की मीटरला किती किलो ते येतं. १२ एमएमची १२ मीटरची सळी साधारण १०.६६ किलो भरते. आमच्याकडं जालन्याच्या मिलचा माल बराच येतो, चांगला असतो, पण कुठल्याही मिलचा लॉट थोडा जड-हलका निघणारच, आयएस १७८६ या सळीच्या सरकारी मानकातच १२ एमएमला ५ टक्के कमीजास्त चालतं. आता तुम्ही घेताना काट्यावर घेतला आणि विकताना नगावर विकला तर जड लॉटमधे तुमचं मरण आणि हलक्या लॉटमधे गिऱ्हाइकाचं. दोन्हीकडं काटाच ठेवा, भांडणं निम्मी कमी होतात.

सिमेंटच्या गोणीवर कितव्या आठवड्याचा आणि कुठल्या सालचा माल ते छापलेलं असतं, उतरवून घेतानाच वाचायचं. ३ महिन्यांच्या वरचा माल टेस्ट केल्याशिवाय स्लॅबला द्यायचा नाही, प्लास्टरवाला मागत असला तरी त्याला वय सांगून द्यायचा. गोदामात खाली फळ्या, भिंतीपासून फूट-दीड फूट अंतर, थप्पी १० गोण्यांच्या वर न्यायची नाही आणि ८ च्या वर गेली तर एक थर उभा एक थर आडवा लावायचा. हे ओलीसाठी आहेच पण त्याहून जास्त माणसासाठी, ५० किलोची गोणी वरून मानेवर आली तर काय होतं ते सांगायला नको. थप्पी कायम वरून पायरी पायरी करत मोडायची. घाईत मधली गोणी ओढणारा हमाल दिसला की काम थांबवा, तो कितीही जुना असू दे.

कागदपत्रांचं थोडक्यात. वर्षाची उलाढाल ४० लाखाच्या वर गेली की जीएसटी नंबर लागतोच, आणि या धंद्यात ४० लाख फार लवकर होतात. सिमेंट २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. राज्यातल्या राज्यात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाईन बिल), बाहेरून येत असेल तर ५० हजारालाच. सँड-खडी-मुरूम हे गौण खनिज, प्रत्येक गाडीबरोबर वाहतूक पास पाहिजे आणि पासवरचा गाडी नंबर आणि वेळ जुळली पाहिजे. एकाच पासवर दोन खेपा मारणारे खूप आहेत आणि त्यांचा रेट बघून तोंडाला पाणी सुटतं, पण पकडली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी तहसीलच्या आवारात गंजत उभी राहते. साठा करून विकणार असाल तर त्याची परवानगी तहसीलला आधी विचारून घ्या, ढीग पडल्यावर नाही.

आता मुख्य विषय. फेब्रुवारी २०२५ मधे जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात पुलाच्या कामावर रात्रीचा वाळूचा टिप्पर आला आणि मजूर झोपले होते त्या पत्र्याच्या शेडवरच रिकामा झाला, ५ जण गेले. बातमी वाचून लोक हळहळले आणि विसरले, पण आपल्या धंद्यातल्या माणसानं ती विसरायची नाही, कारण रात्रीची गाडी आपण पण पाठवतो. आमच्याकडं नियम असा की साईटवर आपल्या ओळखीचा माणूस हजर असल्याशिवाय रात्री बॉडी उचलायची नाही, मुकादम फोनवर कितीही म्हणू दे की टाकून जा रे कुठंबी. आणि दिवसा असो का रात्री, ड्रायव्हरनं स्वतः खाली उतरून गाडीच्या मागं चालत जाऊन बघायचं, जुन्या ढिगाच्या सावलीला बाया पोरांना घेऊन बसलेल्या असतात. रिव्हर्सला हेल्पर ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा बाजूला उभा पाहिजे, पाठीमागं उभं राहून हात हलवणारा हेल्पर म्हणजे पुढची केस.

मग वर बघायचं. टिप्परची बॉडी पूर्ण उचलली की वीस फुटांच्या आसपास जाते आणि गावातल्या ११ केव्हीच्या तारा साधारण तेवढ्याच उंचीवर असतात, झोळ पडला असेल तर त्याहूनही खाली. तारेखाली उतरवायचंच नाही, ५० फूट पुढं टाका, गवंडी शिव्या देईल, देऊ दे शिव्या. चुकून तार लागलीच तर ड्रायव्हरनं केबिनमधेच बसून राहायचं, बाकीच्यांना ओरडून लांब ठेवायचं आणि महावितरणकडून लाईन बंद करून घ्यायची. गाडीनं पेट घेतला तरच उतरायचं, ते पण पायरीवरून नाही, दोन्ही पाय जुळवून उडी मारायची, एका वेळी गाडीला आणि जमिनीला शिवायचं नाही आणि पुढं पाय जमिनीवर घासत बारीक बारीक सरकत लांब जायचं. हे आमच्या प्रत्येक ड्रायव्हरला करून दाखवलंय, हसतात, पण लक्षात राहतं.

खालची जमीन पण बघायची. ताजा भराव, शोषखड्डा, पाण्याची टाकी बुजवलेली जागा, अशा ठिकाणी बॉडी वर गेली की एका बाजूचं चाक खचतं आणि गाडी आडवी होते. पायाच्या खड्ड्यापासून निदान ५ फूट लांब ढीग टाकायचा, नाहीतर काठ ढासळतो आणि खाली सळी बांधणारा माणूस असतो.

एक गोष्ट मी रोज बघतो. ओली डस्ट, म्हणजे क्रशरची बारीक भुकटी, बॉडीला चिकटते, बॉडी वर, फाळका (मागचं झाकण) उघडा, पण माल सुटत नाही. मग क्लीनर पहार घेऊन मागं जातो आणि खालून टोचायला लागतो, आणि ड्रायव्हर वरून गाडी पुढंमागं झटके देतो. सुटला की सगळा एकदम सुटतो. बॉडी पहिली खाली घ्यायची, मग वरून फावड्यानं मोकळं करायचं, दहा मिनिटं जातात. त्या दहा मिनिटांसाठी क्लीनर तयार नसतो कारण पुढची खेप असते आणि त्याला खेपेवर पैसे मिळतात. म्हणून मी क्लीनरला रोजावर घेतला, खेपेवर नाही. महाग पडतं. पडू दे.

सिमेंटचा त्रास सावकाश होतो म्हणून कोणी मनावर घेत नाही. पावसात भिजलेली गोणी खांद्यावर घेतली की घामात मिसळून कातडी भाजते, संध्याकाळी खोबरेल लावून भागत नाही, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि कपडे बदलायचे. डोळ्यात गेलं तर १५-२० मिनिटं सलग स्वच्छ पाणी आणि थेट दवाखाना. धुळीसाठी तोंडाला रुमाल काही कामाचा नाही, एन-९५ आणा.

सळीच्या बाबतीत एवढंच की बॉडीच्या मागं लोंबणारी सळी २०१४ पासून कायद्यातच बंद आहे. दुमडून भरून घ्या किंवा लांब गाडी करा, लाल फडकं बांधून काही होत नाही.

उधारी. सगळ्यांनी सांगितलंच असेल, उधारी करू नका, पण उधारीशिवाय हा धंदा होतच नाही, त्यामुळं ती कुठल्या टप्प्यावर करायची ते शिका. पाया आणि प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) पार्टी गोड असते. स्लॅबच्या आधी मागची बाकी निल करून घ्यायची, कारण स्लॅब पडला की फोन लागत नाही. प्रत्येक चलनावर माल उतरल्या उतरल्या सही, नाव आणि तारीख. मालकाची नसेल तर मुकादमाची चालेल, पण मुकादमाला सहीचा अधिकार आहे असं मालकाकडून आधी लिहून घ्या. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून दर मार्चला बाकी मान्य असल्याची सही घेत चला, मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली की मुदत नव्यानं सुरू होते. चेक बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात केस. आणि उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलंय म्हणजे ४५ दिवसांत पैसे मिळायचा नियम आपल्याला लागू, असं बरेच जण समजतात. नुसत्या ट्रेडरला तो फायदा नाही, त्याला फक्त बँकेच्या प्रायॉरिटी कर्जापुरतंच उद्यम चालतं. या भरवशावर बिल्डरला दम देऊ नका, त्याचा सीए हसतो.

माणसं ठेवलीत की कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाच्या अंगावर येते, कायद्यानं ही जबाबदारी १९२३ पासून आहे. गाडीच्या विम्यात ड्रायव्हर, क्लीनर आणि वर बसणारे हमाल यांचा प्रीमियम भरलाय का ते पॉलिसी उघडून स्वतः वाचा, एजंट हो म्हणाला यावर जाऊ नका. हमालांचं माथाडी मंडळाचं (हमालांसाठीच्या सरकारी मंडळाचं) काय लागतं तेही पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

पहिल्या वर्षी स्वतःची हायवा, म्हणजे मोठा टिप्पर, घेऊ नका. भाड्याच्या गाडीवर काम करा, हप्ता नसतो त्यामुळं धोक्याच्या जागी माल टाकायची घाई पण नसते. जून ते सप्टेंबर धंदा असाही निम्म्यावर येतो, तेव्हा सिमेंटचा स्टॉक आठवड्याच्या वर ठेवायचा नाही आणि त्या रिकाम्या दिवसांत आजूबाजूच्या दहा गावांतल्या साईट फिरून कुठं तारा खाली आल्यात, कुठला रस्ता खचलाय ते वहीत लिहून ठेवायचं. ऑक्टोबरात ऑर्डरी सुरू झाल्या की ड्रायव्हरला गाव सांगतानाच ते सांगता येतं.