उमेदवारी अर्ज भरण्याआधी: कला महाविद्यालयात विद्यार्थी प्रतिनिधी होण्याची तयारी

नाट्य, संगीत किंवा नृत्य शिकवणाऱ्या महाविद्यालयात निवडणुकीला उभं राहायचं मनात असेल, तर एक छोटी वही घ्या आणि कुणालाही न सांगता दोन आठवडे नुसते फिरा. नाटकवाले असाल तर गायनाच्या सरावखोल्यांकडे जा, गाणारे असाल तर नृत्याच्या हॉलमध्ये तासभर भिंतीला टेकून बसा. आणि तुमचा विभाग कुठलाही असो, प्रकाश, ध्वनी, नेपथ्याच्या मुलामुलींना विसरू नका. प्रयोगाच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. एरवी कुणाशी त्यांची गाठच पडत नाही, म्हणून त्यांचं म्हणणं कुठल्याच बैठकीपर्यंत पोचत नाही.

आमच्या सरावखोलीच्या दारावर वेळ राखून ठेवायचा एक कागद असायचा. एकाने पेन्सिलीने नाव लिहायचं, दुसऱ्याने ते खोडून आपलं लिहायचं. संध्याकाळी 6 ते 8 च्या रकान्यात खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं, आणि सकाळी 7 चा रकाना कोराच. मी त्या कागदाचा रोज एक फोटो काढत गेले. नुसतं ‘खोल्या कमी पडतात’ म्हटलं असतं तर ‘बघू’ एवढंच उत्तर आलं असतं. 14 दिवसांचे 14 फोटो टेबलावर मांडले, तेव्हा संध्याकाळपुरत्या दोन वर्गखोल्या सरावासाठी उघडल्या. तुमच्या वहीतही प्रत्येक नोंदीसमोर जागा, वेळ आणि अडचण किती जणांची, एवढं असायलाच हवं.

काही गोष्टी मात्र शिकून घ्याव्या लागतात. नृत्याच्या हॉलची जमीन वरून लाकडी दिसते, पण ते लाकूड थेट काँक्रीटवर चिकटवलेलं असू शकतं. टाच आपटून बघा. खाली पोकळी आणि लवचीक आधार असेल तर जमीन किंचित दबते, आवाज घुमतो. काँक्रीट असेल तर आवाज कोरडा येतो आणि दणका सरळ नडगीत चढतो. त्यावर रोज उड्या मारणाऱ्यांचे घोटे आणि गुडघे का दुखतात हे मग वेगळं विचारावं लागत नाही. वादकांचं दुखणं कानाचं. 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास, ही कामाच्या ठिकाणासाठी बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा आहे. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्म्यावर आणावा असं धरतात: 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1. छोट्या बंद खोलीत तालवाद्यं किंवा पितळी वाद्यं जोरात वाजू लागली की हा आकडा सहज गाठला जातो. मोबाइलवरचं मापन अंदाजापुरतं ठीक आहे, नेमकं मोजून देण्याची मागणी महाविद्यालयाकडे करा.

मग नियमावली. ऐकीव माहितीवर राहू नका, प्रत मागून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा. हजेरीची अट, सूचक-अनुमोदक किती, अर्जाची आणि माघारीची मुदत, मतमोजणी कशी. पसंतीक्रमाने मतदान असेल आणि पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला जातात. अशा वेळी ‘माझं नाव पहिलं नसेल तर दुसरं तरी लिहा’ असं सांगायला लाजू नका. मतदानाची तारीख प्रयोगांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. ती रंगीत तालमीच्या आठवड्यात आली तर विंगेतल्या माणसांची मतं बुडतात. तारीख बदला किंवा मतपेटी रंगमंचामागे आणा, अशी लेखी विनंती मुदतीआधी द्या. तुमची स्वतःची मोठी भूमिका किंवा मैफल कधी आहे, तेही त्याच कागदावर लिहा. बैठका तालमीच्या वेळेवरच येतात.

प्रचाराबद्दल फार लिहीत नाही. भाषण दोन मिनिटांत बसवा आणि साधं बोला, संवाद म्हणू नका. नवं नाट्यगृह बांधून देऊ असलं आश्वासन प्रतिनिधीच्या हातातलं नसतं. सरावखोली रात्री तासभर जास्त उघडी ठेवण्यासाठी पाठपुरावा करणं असतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो तो एका वेगळ्याच तयारीला, आणि तिच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक टाकता येतो. इथे शिक्षक तुमचा आवाज ऐकून, तुमचं शरीर बघून गुण देतात, नाव लपवायला जागाच नाही. भूमिकावाटप त्यांच्याच हातात, एकल सादरीकरणाची संधी त्यांच्याच हातात, बाहेरच्या कामाची शिफारसही त्यांचीच. म्हणून तुमच्याकडे येणारं प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतं: ‘माझं नाव घेऊ नकोस.’

माझ्याकडे एकजण आली होती. एका प्रवेशात स्पर्शाच्या जागा तिला न विचारता रोज बदलत होत्या. मी बैठकीत तिचं नाव घेतलं नाही, फक्त नाटक आणि वर्ष सांगितलं. त्या नाटकात चारच पात्रं होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं, आणि ती पुढचे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून ऐकून झाल्यावर मी तीन गोष्टी विचारते. हे पुढे सांगू का? कुणाला? यातला कुठला तपशील गाळू? मग तक्रारीतून सगळ्या विभागाला लागू होईल असा नियम काढता येतो का ते बघते. स्पर्शाचा प्रत्येक प्रवेश आधी ठरवून, दोघांच्या संमतीने बसवावा, ठरलेलं लिहून ठेवावं आणि बदल करायचा तर पुन्हा विचारावं, ही मागणी कुणाकडेही बोट न दाखवता मांडता येते. ‘गुपित ठेवीन’ हे वचन मात्र ऐकण्याआधी देऊ नका. छळाची किंवा जिवाला धोका असलेली गोष्ट एकट्याने पोटात ठेवायची नसते. तक्रार समितीत कोण आहे, समुपदेशक कुठे बसतात, हे अर्ज भरण्याच्या दिवशी तोंडपाठ हवं, आणि त्या माणसाबरोबर तिथवर चालत जायची तयारीही. ही तयारी नसेल तर या वर्षी उभे राहू नका, असं मी खरंच म्हणेन.

निवडून आलात तर दुसऱ्याच दिवशी मागच्या प्रतिनिधीला गाठा. तिच्याकडून वर्षभराची इतिवृत्तं घ्या, अर्धवट राहिलेल्या मागण्या घ्या, कोणत्या मागणीवर कुणी काय शब्द दिला होता ते तिच्यासमोर बसूनच लिहून काढा. आणि रंगमंचाच्या मागच्या दाराची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही विचारून घ्या.