फोनवर ‘एम’ की ‘एन’? ‘नोव्हेंबर’ म्हणा

फोनवर इंग्रजी अक्षरं सांगताना सर्वांत जास्त घोळ ‘एम’ आणि ‘एन’चा होतो. दोन्हींची सुरुवात ‘ए’नं, शेवट अनुनासिक, आवाज जरा खरखरला की फरक उरत नाही. वैमानिक अशा वेळी ‘एम’साठी माइक आणि ‘एन’साठी नोव्हेंबर म्हणतात.

१. कोड आधी कागदावर लिहून घ्या आणि तीन-तीन अक्षरांचे गट पाडा.
२. फसवी अक्षरं अशी सांगा: बी–ब्राव्हो, डी–डेल्टा, पी–पापा, टी–टँगो, व्ही–व्हिक्टर, एफ–फॉक्सट्रॉट, एस–सिएरा.
३. समोरच्याला ही पद्धत माहीत नसेल तर ‘नोव्हेंबरमधला एन’ असं पूर्ण म्हणा. नुसतं ‘नोव्हेंबर’ म्हटलं तर तो अख्खा शब्द लिहून घेतला जाण्याची शक्यता असते.
४. प्रत्येक गटानंतर थांबा आणि समोरच्याला तो परत वाचायला लावा. ही पायरी गाळू नका, चूक इथेच सापडते.

आयत्या वेळी मनानं शब्द जुळवू नका. ‘नॉलेज’ ऐकायला ‘एन’चा वाटतो, पण लिहिताना ‘के’नं सुरू होतो.

आणि एक सावधगिरी: कोडच्या आधी किंवा नंतर तारीख सांगायची असेल, तर ‘नोव्हेंबर’ महिना समजला जाऊ शकतो. तारीख वेगळ्या वाक्यात, महिन्याच्या आकड्यासह सांगा.