कोकणात रिसॉर्ट, हॉटेल किंवा प्लॉटिंग करताय? या चुका टाळा

सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू आला, आणि अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जमिनीला गिऱ्हाईक वाढलं. पूर्वी लोक घरापुरते पाच-दहा गुंठे बघायचे. आता रिसॉर्ट, भाड्याचे व्हिला, सी-व्ह्यू प्लॉटिंग अशी मागणी असते. माझं काम जमिनीचे कागद तपासण्याचं. माणसं आधी समुद्र बघतात, मग इसार देतात आणि सातबारा शेवटी उघडतात. पुढचा सगळा त्रास या उलट्या क्रमातून येतो.

गावात भेटला त्या भावाकडून जमीन घेणं

कोकणातला सातबारा बहुधा सामाईक असतो. आजोबांची नावं तशीच, वारसनोंदी अर्धवट, निम्मे हिस्सेदार मुंबईत. गुहागर तालुक्यातल्या एका प्रकरणात सातबाऱ्यावर अकरा नावं होती. गावात राहणाऱ्या दोघा भावांनी सह्या केल्या आणि बाकीच्यांच्या वतीने मुखत्यारपत्रं दाखवली. "घरचीच माणसं, हरकत कोण घेणार?" असं त्यांचं म्हणणं. घेणारा पुण्याकडचा हॉटेलवाला, त्याला दिवाळीचा हंगाम पकडायचा होता. जांभ्याच्या भिंती स्लॅबपर्यंत आल्या तेव्हा डोंबिवलीहून एका मयत भावाच्या मुलीने वाटपाचा दावा लावला आणि कोर्टाने जैसे थेचा आदेश दिला. तिच्या वडिलांचं मुखत्यारपत्र वापरून खरेदीखत झालं होतं, पण वडील त्याआधीच वारले होते. मुखत्यारपत्र देणारा गेला की तो अधिकारही संपतो. हॉटेलवाल्याला शेवटी तिच्याशी तडजोड करावी लागली, तीही आधी विचारलं असतं तर जमली असती त्यापेक्षा कितीतरी महागात. तोवर भिंतींवर दोन पावसाळे गेले होते.

हिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो, पण वाटप झाल्याशिवाय तो चतुःसीमा आखलेला तुकडा होत नाही. मुलींना विसरणं तर फारच महागात पडतं. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. तरीही "बहिणी काही मागणार नाहीत" हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक व्यवहारात ऐकू येतं.

माझी सवय अशी: सातबारा उघडण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाकडे बसून पेन्सिलीने वंशावळ काढतो, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. मग ती जुन्या फेरफारांशी ताडून बघतो. प्रत्येक हिस्सेदाराशी स्वतः बोलतो. त्यासाठी गणपतीचे दिवस उत्तम, कारण सगळे चाकरमानी तेव्हा घरी असतात. "तेवढं थांबायला वेळ नाही" म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

भरतीरेषा स्वतः टेपने मोजणं

दुसरी चूक मला याहून जास्त छळते. लोक वाळूवर लाटेची खूण बघतात, तिथून दोनशे मीटर मोजतात आणि नकाशा काढायला बसतात. कायद्यातली भरतीरेषा डोळ्यांनी ठरत नाही. ती मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात आखलेली असते आणि गट नंबरावर बसवलेला 1:4000 चा नकाशा बघूनच कळते. 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे ना-विकास क्षेत्र 50 मीटर, बाकी ठिकाणी 200 मीटर. दलाल सर्रास 50 चा आकडा सांगतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या विरळ वस्तीच्या गावांना तो लागू होत नाही. 200 मीटरच्या पुढेही 500 मीटरपर्यंत सीआरझेडच असतो, तिथे रिसॉर्टला आधी मंजुरी घ्यावी लागते.

खाडीकाठी जमीन घेणारे तर सीआरझेडचा विचारच करत नाहीत. भरतीचं पाणी खाडीतून जिथवर चढतं तिथवर हा कायदा येतो, आणि वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी पाच भाग भरते तिथे त्याची हद्द धरतात. वाशिष्ठी किंवा शास्त्रीसारख्या नदीत ती समुद्रापासून बरीच आत जाते. खाडीला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल ते अंतर लागू होतं.

"एकदा बांधलं की कोण पाडतंय?" असं विचारणाऱ्यांना मी किहीमचं उदाहरण देतो. तिथला किनाऱ्यावरचा आलिशान बंगला मार्च 2019 मध्ये स्फोटकं लावून पाडला.

बाकीच्या, थोडक्यात

ग्रामपंचायतीने घरपट्टी आकारली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं समजू नका.

शेतकरी नसाल तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मनाई करणारं कुळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. नातेवाईकाच्या नावावर जमीन घेऊन त्यातून वाट काढू नका. पुढे तोच नातेवाईक कोर्टात समोर उभा राहिलेला मी पाहिला आहे.

"इतर अधिकार" हा रकाना न वाचता सही करू नका. कलम 43 च्या अटी (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरची बंधनं), कुळाचं नाव, खाजगी वनाची नोंद, जमीन एकाची आणि आंब्याची झाडं दुसऱ्याची, हे सगळं तिथेच सापडतं.

शेतघराच्या परवानगीवर पर्यटकांना खोल्या देऊ नका.

प्लॉटिंगची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणीआधी जाहिरातही करू नका. दंड प्रकल्पखर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

खारफुटीत भराव टाकून जागा वाढवू नका.

जमीन फक्त डिसेंबरात बघू नका. जुलैत जा, पऱ्या (ओढा) कुठून वाहतो आणि गाडी कुठवर पोचते ते बघा. वाट दुसऱ्याच्या बागेतून असेल तर तिचा हक्क नोंदलेल्या दस्तात घ्या. शेजारी आज जाऊ देतो, त्याचा मुलगा देईलच असं नाही.

इसार द्यायचाच असेल तर थोडा द्या, आणि करारात लिहून घ्या: सर्व हिस्सेदारांच्या सह्या, सरकारी मोजणीच्या नकाशाची क प्रत आणि सीआरझेडचा नकाशा मिळाला नाही तर रक्कम परत. विकणारा ही अट मान्य करत नसेल तर दुसरी जमीन बघा.